डॉली पार्टन यांच्या कारकिर्दीतील निर्णायक टप्पा कोणता?

प्रश्न: अमेरिकेतील ‘कंट्री’ या लोकसंगीतातून आलेल्या शैलीच्या गायिका व गीतकार डॉली पार्टन १९६४ मध्ये शालेय शिक्षण संपताच या संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहरात आल्या आणि १९९९ मध्ये त्यांना कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले, या प्रवासातील खरे वळण कोणते मानावे?

पहिले उत्तर: १९६७. कंट्री गायक पोर्टर वॅगनर यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमामुळे त्या घरोघरी पोहोचल्या.

दुसरे उत्तर: प्रसिद्धी तेथून मिळाली हे खरे, परंतु १९७४ मध्ये तो कार्यक्रम सोडणे मला अधिक मोलाचे वाटते. वॅगनर यांचा निरोप घेण्यासाठी लिहिलेले ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ त्याच वर्षी कंट्री गीतांच्या यादीत अग्रस्थानी पोहोचले. एल्व्हिस प्रेस्ली ते गाण्यास उत्सुक होते. मात्र त्यांच्या व्यवस्थापकाने प्रकाशन हक्कांचा अर्धा वाटा मागितल्यामुळे पार्टन यांनी नकार दिला, आणि पुढे व्हिटनी ह्यूस्टन यांनी १९९२ मध्ये गायलेले तेच गीत अमेरिकेत १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले, तेव्हा हक्क पार्टन यांच्याकडेच होते. (त्यांच्या आवाजाचे कौतुक सर्वच करतात, व्यवहारज्ञानाचे क्वचितच कोणी.)

तिसरे उत्तर: सहमत. एक भर घालतो: १९८२ मध्ये पार्टन यांनी चित्रपटासाठी हेच गीत पुन्हा ध्वनिमुद्रित केले आणि ते कंट्री यादीत दुसऱ्यांदा अग्रस्थानी गेले.