सिद्दी वस्त्यांमध्ये पाळणा लांबवण्याची माहिती कशी पोहोचवावी?

प्रश्न : शिक्षिका, खानापूर तालुका
आमच्या शाळेच्या परिसरात जंगलाला लागून सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातील कुटुंबांच्या वस्त्या आहेत. 2020 मध्ये बेळगाव जिल्ह्यातील सिद्दींचा अनुसूचित जमातींत समावेश झाल्यापासून दाखले आणि शिष्यवृत्ती यांची चौकशी पालक आवर्जून करतात. मात्र बाळंतपणाचा विषय निघाला की बायका गप्प होतात. अठरा पूर्ण होताच लग्न, लगेच पहिले मूल, ते अंगावर पीत असतानाच दुसऱ्याची चाहूल आणि मग थेट नसबंदीचे ऑपरेशन, हा क्रम मला वारंवार दिसतो. पाळणा लांबवण्याची साधने सरकारी दवाखान्यात मोफत असूनही ती का वापरली जात नाहीत? हा विषय पालकसभेत घ्यावा काय?

उत्तर : निवृत्त आरोग्य सहायिका, बेळगाव
ताई, हे केवळ त्या वस्त्यांचे अज्ञान समजू नये. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार कर्नाटकातील सुमारे 57 टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती. पुरुषांचे प्रमाण जवळपास शून्य होते. आम्हीच वर्षानुवर्षे कुटुंबनियोजन म्हणजे ऑपरेशन असे शिकवत आलो, याचे मला फार वाईट वाटते.

दर तीन महिन्यांनी घ्यावयाच्या अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनचे उदाहरण घ्या. त्याने पाळी अनियमित होते किंवा थांबते, आणि हे आधी सांगितले नसेल तर "रक्त पोटात साठतंय" या धास्तीने बाई दुसऱ्या डोसाला येत नाही. पाळी थांबणे अपायकारक नाही आणि इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहण्यास काही महिने लागू शकतात, या दोन्ही गोष्टी पहिल्याच भेटीत, शक्यतो सासूच्या उपस्थितीत, स्पष्ट कराव्यात.

उत्तर : आशा कार्यकर्ती, खानापूर तालुका
पालकसभेत पुरुषांसमोर एकही बाई तोंड उघडणार नाही. गरोदर व बाळंतीण स्त्रिया अंगणवाडीत दुपारच्या जेवणाला येतात, तेव्हा त्यांच्याशी त्यांच्याच कोकणी-मराठीत बोलावे. कन्नडमधले तायी कार्ड (गरोदर मातेचे आरोग्य-नोंद कार्ड) हातात असले तरी ते वाचून दाखवावे लागते. पावसाळ्यात नाले भरले की दवाखाना गाठता येत नाही, म्हणून अंतराच्या पुढील डोसाची तारीख आषाढ-श्रावणात येते का, हे आधीच पाहावे. डोस चार आठवड्यांपर्यंत उशिरा घेता येतो. छाया या गर्भनिरोधक गोळ्या घरी ठेवता येतात : पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. अंगावर पाजणाऱ्या आईलाही त्या चालतात.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. पुरुषांशी कोणी बोलावे?

उत्तर : निवृत्त आरोग्य सहायिका, बेळगाव
आरोग्य खात्यातील पुरुष कर्मचाऱ्याने, वेगळ्या बैठकीत. बिनटाक्याच्या नसबंदीने अशक्तपणा येत नाही, हे सांगतानाच त्यानंतर तीन महिने, वीर्यतपासणी होईपर्यंत, निरोध वापरणे आवश्यक असते, हेही सांगावे. ज्यांना अजून मूल हवे आहे त्यांच्यासमोर मात्र नसबंदीचा विषय काढू नये. त्यांना आधी अंतर ठेवण्याविषयी सांगावे.