मदत हवी आहे: आईचं पीटीएच वाढलंय, स्कॅन नॉर्मल, तरी ऑपरेशन?

तापीकाठ:
आईचं पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन) १८६ आलंय. जळगावच्या डॉक्टरांनी गळ्याचं ऑपरेशन सांगितलं, मग नाशिकला नेऊन सेस्टामिबी स्कॅन (वाढलेली ग्रंथी शोधायचा) केला तर त्यात काहीच नाही. गाठच दिसत नाही तर कापणार काय? घरात रोज वाद चाललेत, प्लीज लवकर सांगा.

भुसावळवाली:
कॅल्शियम किती? व्हिटॅमिन डी? वय? नुसत्या पीटीएचवरून काय सांगणार दादा.

धुळेकर_७२:
थायरॉइडला ऑपरेशन कशाला, आमच्या हिची सकाळी उपाशीपोटी गोळी चालू आहे, एकदम मस्त.

भुसावळवाली:
काका, हे थायरॉइड नाही. पॅराथायरॉइड त्याच्या मागे असतात, चार, तांदळाच्या दाण्याएवढ्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. गोळी वेगळी, आजार वेगळा.

रावेरकर:
मुतखडा आहे का? असेल तर केळीच्या खोडाचा रस द्या. आमच्या शेतातून घेऊन जा, पैसे नको.

तापीकाठ:
मुतखडे तर कधीपासूनच होताहेत. कॅल्शियम ११.८, डी १४, वय ५२. मागच्या वर्षी घरातच पडली आणि मनगट मोडलं.

धुळेकर_७२:
डी कमी म्हणूनच पीटीएच वाढलं. साठ हजारवाली पावडर आठवड्याला एक द्या.

भुसावळवाली:
नाही हो काका, फक्त डी कमी असतं तर कॅल्शियम नॉर्मल किंवा कमी आलं असतं. इथे दोन्ही वाढलंय, अशात डी फक्त डॉक्टरांना विचारूनच. तापीकाठ, निदान रक्तावरून होतं, स्कॅन फक्त कुठली ग्रंथी ते शोधायला. माझ्या सासूबाईंचा पण स्कॅन कोरा होता, सर्जनने चारही बघितल्या आणि मोठी झालेली एक काढली, टेबलवरच परत पीटीएच केलं, दहा मिनिटांत निम्म्याहून खाली आलं तेव्हाच टाके घातले. नंतर कॅल्शियम उतरून बोटांना मुंग्या आल्या, कॅल्शियमच्या गोळ्या चालल्या. म्हणून गाव कुठलं ते सोडा, ह्या ग्रंथींची ऑपरेशनं नेहमी करणारा सर्जन शोधा, आवाजाची नस तिथूनच जाते. आणि २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियम केलं का? घराण्यातून येणारा एक प्रकार असतो, त्यात ऑपरेशनचा उपयोग नाही. बीपीची गोळी आहे का?

रावेरकर:
रसाने नुकसान तर नाही ना?

तापीकाठ:
लघवीचं कोणी सांगितलंच नाही. बीपीची आहे, नावापुढे एच लिहिलंय.

भुसावळवाली:
तो एच म्हणजे बहुतेक हायड्रोक्लोरोथायझाइड, लघवी वाढवणारं औषध, त्याने कॅल्शियम वाढतं. मनाने बंद करू नका, उद्याच गोळ्यांची पट्टी डॉक्टरांना दाखवा. ते गोळी बदलून कॅल्शियम-पीटीएच परत करायला सांगतील. तरीही वाढलेलंच आलं तर ऑपरेशन टाळू नका. खडे आहेत, हाड मोडलंय, त्यांना त्रास होतोय.