मदत हवी आहे: एपी केमिस्ट्रीत सी आलाय, कॉलेजच्या अर्जात त्याबद्दल लिहावं का?

मुलगी अमेरिकेत पब्लिक हायस्कूलला अकरावीत आहे. बाकी ट्रान्स्क्रिप्टवर (शाळेच्या गुणपत्रकावर) ए आणि थोडे बी, पण एपी केमिस्ट्रीला (एपी म्हणजे हायस्कूलमध्येच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा विषय) पहिल्या सेमिस्टरमध्ये सी आला. तिला केमिकल इंजिनिअरिंगच करायचंय, म्हणून नेमका हाच विषय जास्त डाचतो. आजारपण किंवा घरची अडचण असं कारण नाही. लॅब रिपोर्ट उत्तम, पण पेपरात मोलची लांबलचक गणितं वेळेत पुरी व्हायची नाहीत.

शिक्षकांशी बोलून झालं; ग्रेड बदलणार नाही, रीटेकही नाही. आता वेळ लावून सराव चालू आहे, सध्या बी प्लसपर्यंत आलीय. मे महिन्यात एपीची परीक्षा आहे. विषय सोडायचा नाही हे तिनंच ठरवलं, आणि मला ते मनापासून पटलं. (यादीतली कॉलेजं बदला, हा सल्ला कृपया नको. सोपी कॉलेजंही यादीत आहेत.)

ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी सांगा: सबळ कारण नसताना अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामाईक ऑनलाइन अर्जातल्या, म्हणजे कॉमन अ‍ॅपच्या जादा माहितीच्या रकान्यात या सीबद्दल लिहावं, की सुधारणेचा उल्लेख शाळेच्या काउन्सेलरच्या पत्रातूनच येऊ द्यावा? आणि 1 नोव्हेंबरच्या अर्ली (लवकरच्या मुदतीच्या) अर्जाच्या वेळी बारावीचे सेमिस्टर ग्रेड हातात नसतील, मग जानेवारीच्या नेहमीच्या मुदतीपर्यंत थांबणं बरं का?