मदत हवी आहे : बायपोलर असलेल्यांचा स्वमदत गट, म्हापसा-पणजी भागात

धाकट्या भावाला बायपोलर हा मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांचा आजार आहे. बांबोळीला उपचार चालू आहेत, लिथियम या औषधासाठीची रक्ततपासणी वेळेवर होते, त्यामुळे डॉक्टर नकोत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोललो, धीर मिळाला. पण त्याला हाच आजार असलेल्यांसोबत बसून बोलायचंय. "दादा, तुला नाही कळणार," म्हणतो, आणि ते खरंच आहे. ऑनलाइन गट करून पाहिला. घरात सगळे ऐकतात म्हणून माइक बंदच ठेवायचा.

आम्ही डिचोलीचे. तो गाडी चालवत नाही, म्हणजे कदंबाच्या सरकारी बसने दिवसाउजेडी परतता यायला हवं. बोलणं मराठी-कोंकणीत, इंग्रजीत तो गप्प होतो. नातेवाइकांचा गट नको, रुग्णांचाच हवा.

म्हापसा, पर्वरी किंवा पणजीत असा गट सध्या प्रत्यक्ष भरतो का? कुठल्या वारी, आणि पहिल्या दिवशी मी बाहेर थांबलो तर चालेल का?