मशेरी ही एकट्या बाईची सवय नाही

काही जण म्हणतात की तंबाखूची सवय सुटणं ज्याच्या त्याच्या मनोनिग्रहावर असतं. मशेरीच्या बाबतीत मला हे अजिबात पटत नाही. आमच्या गावाकडे तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजतात, ठसका शेजारच्या घरापर्यंत जातो. मग ती चुरून डबीत भरायची, हीच मशेरी. सकाळी दात घासायला म्हणून बोट हिरड्यांवर फिरतं आणि दुपारची भांडी आटोपली की ओट्यावर सासू, सुना, शेजारणींमध्ये पुन्हा तीच डबी फिरते. दिवसभरात बाईला टेकायला मिळतं ते तेवढंच! पोरीची दाढ दुखली की आईच चिमूटभर लावते. तिच्या लेखी ते औषध असतं. सिगारेट ओढणाऱ्या बाईला नावं ठेवणारं घर मशेरीला मात्र काही म्हणत नाही.

गरोदरपणीही ती सुटत नाही. निकोटिन बाळापर्यंत पोचतं, बाळाचं वजन कमी भरण्याची भीती असते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहेच. २०१२ साली महाराष्ट्रात गुटखाबंदी झाली, पण घरच्या तव्यापर्यंत कुठली बंदी पोचणार? गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंनी गरोदर बाईबरोबर तिच्या सासूलाही समोर बसवून समजावलं तर फरक पडेल असं मला मनापासून वाटतं, कारण डबी बहुतेक वेळा सासूच्याच कनवटीला असते.