ट्रेड मासिकांत रोमान्सचं परीक्षण: प्रत कधी पाठवायची, आणि आलेलं परीक्षण वाचायचं कसं?

ऑरेंज_सिटी

अमेरिकेतल्या एका छोट्या प्रकाशनाकडून १५ सप्टेंबरला इंग्रजी रोमान्स कादंबरी येतेय. समकालीन, २८० पानं, ट्रेड पेपरबॅक (मोठ्या आकाराचं) आणि ई-बुक. नायिका नागपूरची, नायक न्यू जर्सीतल्या एडिसनचा. प्रकाशकाचं म्हणणं, जुलैअखेर छापील प्रती हातात आल्या की पब्लिशर्स वीकली, लायब्ररी जर्नल, बुकलिस्ट आणि कर्कस या चार परीक्षण-मासिकांकडे पाठवू. जाणकारांना तीन प्रश्न:

१. जुलै चालेल का?
२. वर्गवारीत ‘रोमान्स’ऐवजी ‘विमेन्स फिक्शन’ (स्त्रीकेंद्री कादंबरी) लावलं की परीक्षणात वजन वाढतं, असं तो म्हणतो. खरं आहे का?
३. परीक्षण वाईट आलं तर कितपत नुकसान?

शाईचा_डाग

जुलै म्हणजे वरातीमागून घोडं. ही मासिकं वाचकांसाठी नाहीतच. दुकानाचा खरेदीदार आणि ग्रंथालयात पुस्तकं निवडणारा माणूस ऑर्डर द्यायला बसतो, त्याच्या आधी त्याच्या टेबलावर परीक्षण हवं, म्हणून ते प्रकाशनाच्या आधीच छापतात. पब्लिशर्स वीकलीला प्रकाशनाच्या किमान १२ आठवडे आधी प्रत लागते, बुकलिस्टला १५. तुमच्या तारखेवरून मागे मोजलं तर २३ जून आणि २ जून. या शेवटच्या तारखा झाल्या. प्रत संपादकाने उघडायची, परीक्षकाला द्यायची, त्याने वाचायची, हे त्यानंतर. मेच्या पहिल्या आठवड्यात चारही ठिकाणी पोचेल असं बघा.

छापील प्रतीची वाट बघण्याचं कारणच नाही. संपादन पूर्ण झालेली पण प्रूफं तपासायची राहिलेली ई-गॅली, म्हणजे परीक्षणासाठीची आगाऊ डिजिटल प्रत, चालते. पहिल्या पानावर ‘अंतिम प्रत नव्हे’ असं लिहा आणि त्याच पानावर आयएसबीएन, किंमत, पानं, प्रकाशनाची तारीख, वितरक आणि प्रकाशकाचा संपर्क द्या. वितरक हमखास राहतो. पुस्तक नेहमीच्या पुरवठादाराकडून मागवता येणार नसेल, तर ग्रंथालयाला त्या परीक्षणाचा उपयोग शून्य.

चौघांचे स्वभाव वेगळे आहेत. पब्लिशर्स वीकली १८७२ पासूनचं. परीक्षण साधारण दोनशे शब्दांचं, सहसा परीक्षकाच्या नावाशिवाय, आणि निकाल शेवटच्या एक-दोन वाक्यांत. लायब्ररी जर्नल १८७६ चं. तिथले परीक्षक बहुतेक नोकरीतले ग्रंथपाल, खाली नाव असतं, आणि शेवटी ‘व्हर्डिक्ट’ म्हणून वेगळी ओळ येते: कोणत्या वाचकासाठी घ्यावं, घ्यावं की नाही. ग्रंथपाल आधी तीच ओळ वाचतो. बुकलिस्ट अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचं, १९०५ पासून. ते फक्त शिफारस करण्याजोग्या पुस्तकांचीच परीक्षणं छापतात. त्यामुळे तिथे काहीच आलं नाही तर पुस्तक नापसंत झालं की उघडलंच गेलं नाही, हे कळायला मार्ग नाही. कर्कस १९३३ चं, निनावी, आणि जिभेला हाड नसल्याबद्दल प्रसिद्ध.

एक घोळ टाळा. कर्कस इंडी ही पैसे भरून परीक्षण घ्यायची सोय आहे, आणि ते आवडलं नाही तर न छापण्याची मुभा लेखकाला असते. नेमकं म्हणूनच अनुभवी खरेदीदार ‘कर्कस’ आणि ‘कर्कस इंडी’ यांत फरक करतो. प्रकाशकाकडून जाणाऱ्या पुस्तकाने नेहमीच्या, फुकटच्या दारानेच जावं.

जुनी_वही

दुसऱ्या प्रश्नावर थोडं थांबतो, कारण हा सल्ला फार जणांना मिळतो आणि तो चुकीचा आहे.

वर्गवारी म्हणजे बायसॅक या अमेरिकन विषयसूचीतला कोड. समकालीन रोमान्सचा एफआयसी०२७०२०, ‘विमेन्स फिक्शन’चा एफआयसी०४४०००. पुस्तक कोणत्या ढिगात पडणार हे या कोडवरून आणि कॅटलॉगमधल्या वर्णनावरून ठरत जातं. रोमान्सच्या ढिगातला परीक्षक शेवट गोड होणार हे धरूनच वाचतो. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या लेखक-संघटनेच्या व्याख्येतच दोन अटी होत्या: मध्यवर्ती प्रेमकथा, आणि समाधान देणारा, आशादायक शेवट. सर्वसाधारण कादंबऱ्यांच्या ढिगातला परीक्षक हाच शेवट बघून ‘अपेक्षित’ असं लिहून मोकळा होतो. रहस्यकथेत खुनी सापडला म्हणून कोणी नाक मुरडत नाही, इथे मात्र मुरडतात. कोड बदलून मान मिळत नाही, मिळतो तो चुकीचा परीक्षक. वर ग्रंथालयात पुस्तकाच्या कण्यावर रोमान्सची चिकटपट्टीही लागत नाही, म्हणजे ज्या वाचकाने ते उचललं असतं त्याच्या हाताला ते लागतच नाही.

कामाच्या परीक्षणात काय हवं? उपप्रकार (समकालीन, ऐतिहासिक, पॅरानॉर्मल वगैरे). दोघांच्या आड नेमकं काय येतं. मालिकेतलं असेल तर मागची पुस्तकं न वाचता चालेल का. आणि शृंगार किती उघड आहे. ही शेवटची गोष्ट कथेच्या ओघात सांगून टाकायला अनेक परीक्षक लाजतात, मग ग्रंथपालाला ती मुखपृष्ठावरून ओळखावी लागते, आणि हल्लीच्या कार्टून मुखपृष्ठांवरून ती अजिबात ओळखता येत नाही. कॅथरिन फॉक यांनी १९८१ मध्ये ब्रुकलिनमधून ‘रोमँटिक टाइम्स’ सुरू केलं, त्यात यासाठी सरळ श्रेणीच दिलेली असायची. दर्जासाठी तारे वेगळे: साडेचार तारे म्हणजे ‘टॉप पिक’. इतर कोणी दखल न घेतलेली, दरमहा मालिकेतून निघणारी ‘कॅटेगरी’ रोमान्स पुस्तकंही तिथे नेमाने परीक्षिली जात. ते २०१८ मध्ये बंद पडलं. लायब्ररी जर्नलमध्ये क्रिस्टिन रॅम्सडेल यांनी १९९४ पासून रोमान्सचं सदर चालवलं, त्याचं मोल हेच की लिहिणाऱ्या बाईंना हा प्रकार आतून माहीत होता.

उलट उदाहरण पाहा. न्यूयॉर्क टाइम्सच्या पुस्तक पुरवणीने सप्टेंबर २०१७ मध्ये रॉबर्ट गॉटलिब यांच्याकडून रोमान्सचा एकगठ्ठा आढावा लिहून घेतला. संपादक म्हणून ते दिग्गज होते, पण सूर एवढा वरून बोलणारा की वाचक-लेखिका तुटून पडल्या. पुढच्याच वर्षी तिथे रोमान्सचं नियमित सदर आलं.

खिडकीपाशी

वरचं सगळं बरोबर, पण या चौघांवर सगळी भिस्त नको. रोमान्स जिथे खपतो तिथे ट्रेड प्रेसची नजर जात नाही, हा मूळ घोळ आहे. पब्लिशर्स वीकलीच्या खपाच्या याद्या विक्री मोजणाऱ्या बुकस्कॅन सेवेवरून येतात आणि त्यात छापील विक्रीच मोजली जाते. किंडल अनलिमिटेड या अ‍ॅमेझॉनच्या वर्गणीच्या ई-बुक योजनेत वाचलेल्या पानामागे पैसे मिळवणारी लेखिका त्या यादीत दिसतच नाही. न्यूयॉर्क टाइम्सने मास मार्केट पेपरबॅकची (छोट्या आकाराच्या स्वस्त पुस्तकांची) यादी २०१७ मध्ये बंद केली. रीडरलिंक हा सुपरमार्केटांना पुस्तकं पुरवणारा मोठा वितरक. त्याने २०२५ अखेर मास मार्केट आकार सोडायचं ठरवलं. म्हणजे जो आकार रोमान्सने जगवला, तोच नाहीसा होतोय. परीक्षणं वाढली ती ट्रेड पेपरबॅकमधल्या रोमान्सची. तुमचं पुस्तक त्याच आकारात आहे, हे नशीब समजा.

जाता जाता: आपल्याकडेही ‘ललित’सारखं ग्रंथव्यवहाराला वाहिलेलं मासिक १९६४ पासून आहे, पण लायब्रऱ्यांतून फाटेस्तोवर वाचल्या गेलेल्या प्रणयकादंबऱ्यांकडे समीक्षेने ढुंकून पाहिलं नाही. चंद्रकांत काकोडकरांच्या कथेचं बारकाईने केलेलं वाचन पाहायचं तर सर्वोच्च न्यायालयाचा १९६९ चा निकाल काढावा लागतो. अश्लीलतेच्या खटल्यात न्यायमूर्तींनी कथानक तपशिलात मांडलंय आणि लेखकाला सोडलंय.

ऑरेंज_सिटी

सगळ्यांचे आभार. प्रकाशक मेमध्ये ई-गॅली द्यायला तयार झाला, कोडही बदलतोय. तिसरा प्रश्न राहिला. शिवाय संवादात ‘अगं’, ‘काय गं’, ‘सांडगे’ असे शब्द आहेत. शब्दसूची जोडायची का?

शाईचा_डाग

शब्दसूची नको. परीक्षकाला २८० पानांत ‘अगं’ कळेल. सोबतच्या पत्रात मात्र मसाला, मान्सून, अरेंज्ड मॅरेज यांची पखरण करू नका. घाईतला परीक्षक पत्रातलेच शब्द उचलतो, आणि मग परीक्षण कथेऐवजी स्वयंपाकघराबद्दल होतं. पत्र एका पानाचं ठेवा: उपप्रकार, दोघांमधला पेच दोन ओळींत, शृंगाराची पातळी, स्वतंत्र पुस्तक की मालिकेतलं.

वाईट परीक्षणाबद्दल. समजा, ‘शेवट अपेक्षित आणि मधला भाग रेंगाळतो, पण दोघांच्या भांडणांत जान आहे’ असं आलं. ‘अपेक्षित’ हा शब्द रोमान्स घेणारा ग्रंथपाल सोडून देतो, ‘रेंगाळतो’ची नोंद घेतो, ‘जान आहे’वर एक प्रत मागवतो. खरं नुकसान करतं ते ‘दोघं एकत्र का येतात हे पटत नाही’ हे वाक्य. त्यावर इलाज नाही.

उतारा वापरताना ‘दोघांच्या भांडणांत जान आहे’ एवढं घेतलेलं चालेल, मधले शब्द गाळून वाक्याचा अर्थ फिरवलेला चालणार नाही, खरेदीदाराकडे मूळ परीक्षण असतंच. उतारा मासिकाच्या नावासह वितरकाकडे जाणाऱ्या ओनिक्स फाईलमध्ये (पुस्तकाच्या माहितीची ठरावीक साच्यातली फाईल) घालायला सांगा. नुसता वेबसाईटवर टाकला तर दुकानांच्या पानांवर आपोआप जात नाही. आणि तारीख पुढे ढकलली तर चौघांनाही त्याच दिवशी कळवा, नाहीतर परीक्षण येऊन जाईल आणि ऑर्डर करायला पुस्तकच नसेल.