कार्यालयाचे वातानुकूलन : जास्त क्षमतेचे यंत्र घेण्याआधी काय तपासावे?

प्रश्न :
आमच्या कार्यालयात खिडकीजवळ बसणाऱ्यांना उकडते, आतल्या बाजूचे लोक दिवसभर स्वेटर घालून असतात आणि बैठकीच्या खोलीत तासाभरात डोके जड होते. देखभालीचे काम पाहणाऱ्या कंपनीने जास्त क्षमतेचे यंत्र सुचवले आहे. त्याआधी काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ :
एकाच वेळी कुणाला उकडत असेल आणि कुणी गारठत असेल, तर बहुधा क्षमता पुरेशी असून तिची वाटणी चुकते आहे. आधी थर्मोस्टॅटची (तापमान मोजून यंत्र चालू-बंद करणाऱ्या उपकरणाची) जागा पाहा. तो उन्हात, प्रिंटरजवळ किंवा थंड झोताखाली असेल, तर तो त्या कोपऱ्याचे तापमान मोजतो आणि सगळ्या मजल्याला तेच लागू करतो. दुसरे म्हणजे, तापवणे जिथे थांबते आणि थंड करणे जिथे सुरू होते, त्या दोन तापमानांत सुमारे ३ अंशांचे अंतर ठेवा. ते नसेल तर शेजारशेजारच्या दोन विभागांत एकीकडे हीटर आणि दुसरीकडे कूलिंग एकाच वेळी चालू राहते. खोली मात्र ठीक वाटत असल्याने कुणी तक्रार करत नाही आणि हा दोष वर्षानुवर्षे फक्त वीजबिलात दिसतो.

प्रतिसाद २ :
बैठकीच्या खोलीचा प्रश्न वेगळा आहे. तिथे कार्बन डायऑक्साइड मोजणारे साधे मीटर ठेवा. बाहेरच्या हवेत हे प्रमाण साधारण ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२० भाग) असते; खोलीत ते १५०० च्या वर जात असेल, तर ताजी हवा कमी पडते आहे आणि आतलीच हवा थंड करून फिरवणारे यंत्र कितीही मोठे घेतले तरी फरक पडणार नाही. मात्र बाहेरच्या हवेचा डॅम्पर (हवा कमीजास्त आत घेणारी पात्यांची झडप) सरसकट उघडाही ठेवू नका. दमट हवेतील एक लिटर पाणी वेगळे करायचे तर सुमारे ०.६८ किलोवॅट-तास उष्णता काढून घ्यावी लागते. म्हणून माणसांच्या संख्येनुसार हवा कमीजास्त करणारे नियंत्रण मी आग्रहाने सुचवेन.

प्रश्नकर्ता :
आमच्या नियंत्रण प्रणालीच्या पडद्यावर डॅम्पर व्यवस्थित उघडझाप करताना दिसतो.

प्रतिसाद २ :
बहुतेक वेळा पडद्यावर दिलेला आदेश दिसतो, पात्यांची खरी स्थिती नव्हे. एकाला पडद्यासमोर बसवा, दुसऱ्याने डॅम्परपाशी उभे राहून पाती खरोखर फिरतात का ते पाहावे. मोटर फिरते पण तिला पात्यांशी जोडणारा दांडा निसटलेला आहे, असे पुष्कळदा आढळते.